गोणी फोडण्याआधी वाण ओळख

पोरी, खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात गेलीस की समोरचा माणूस आधी विचारतो, क्षेत्र किती? तू गुंठे सांगतेस, तो गोण्या सांगतो. युरियाचा सौदा एवढ्यावर उरकतो. वाण कोणता, किती दिवसांचा, आवण किती दिवसांचं झाल्यावर लावणार, खाचरात पाणी थांबतं की पाझरून जातं, यातलं कोणी काही विचारत नाही. तुझ्या आजोबांनी आम्हा दोघा भावांना शिकवलं ते उलट होतं. आधी भात ओळखायचा, मग गोणी फोडायची. दादाने ते पाळलं, म्हणून आपल्या शेतातलं भात फारसं कधी लोळलं नाही. आता शेत तू बघणार आहेस, तेव्हा हे कानात घालून ठेवतो. आजोबांचं सांगणं जुनं असलं तरी त्यामागची कारणं मी पुढे शिकत गेलो, तीही सांगतो. नुसत्या हुकमावर शेती होत नाही.

आधी गोणीचा हिशोब. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे वीस किलो सातशे ग्रॅम. खाचरात वरून फेकलेल्या युरियातलं साधारण तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के नत्र भाताच्या अंगी लागतं. एका गोणीमागे सात-आठ किलो. बाकीचं थोडं मातीत अडकतं, पुष्कळसं हवेत उडतं किंवा ओहोळाला मिळतं. युरिया सरकारी अनुदानामुळे स्वस्त पडतो, त्यामुळे हे नुकसान कोणाच्या खिशाला टोचत नाही. तू मात्र ते डोळ्यांपुढे ठेव.

आता वाणांचं. नत्राच्या बाबतीत भाताच्या अंगी दोन गुण वेगवेगळे असतात. पहिला, मातीतून नत्र ओढून घेण्याचा. दुसरा, ओढलेल्या नत्राचा दाणा करण्याचा. एखादं वाण पहिल्यात पटाईत आणि दुसऱ्यात ढिलं असतं. पान काळंभोर, उंची छातीइतकी आणि लोंबीत निम्मं पळींज. आपल्या जुन्या उंच वाणांचं, पटणी घे, आंबेमोहोर घे, असंच होतं. एकूण वजनात दाण्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, बाकी सगळा पेंढा. बुटक्या सुधारित वाणांत तो वाटा निम्म्यापर्यंत जातो. नत्र तेवढंच खाल्लं तरी दाणा जास्त पडतो, तो या वाटणीमुळे. पेंढ्याला नावं ठेवू नकोस हं. गुरांची वैरण त्यातूनच निघते आणि हापूसची अढी पेंढ्याशिवाय लागत नाही. पण त्यासाठी कोणी युरिया विकत घेत नाही.

एक टन भात पिकवायला झाडाच्या अंगात पंधरा ते वीस किलो नत्र यावं लागतं. वीस लागतं ते वाण खर्चिक, पंधरात भागवतं ते काटकसरी. हा फरक एका वाणात आणि दुसऱ्यात खरोखर असतो, आणि तो पिशवीवर छापलेला नसतो.

गावात एक समज पक्का आहे की सुधारित भात म्हणजे खताचा हावरा, खत नसेल तर देशीच बरा. याला उत्तर फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योसला मिळालं. तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 साली आयआर-8 बाहेर आणला. एस. के. डे दत्ता यांनी केलेल्या त्याच्या चाचण्यांत हेक्टरी 120 किलो नत्र दिल्यावर जवळपास दहा टन भात निघाला. ही गोष्ट जगभर गाजली. कमी गाजलेली गोष्ट अशी की नत्र न देताही त्याच वाणाने पाच टनांच्या घरात भात दिला होता. म्हणजे उपाशी ठेवलं तरी हे बुटकं वाण मोडून पडत नाही. ऊन, पाणी आणि देखरेख सगळं जागेवर असतानाचे ते आकडे आहेत, आपल्या ढगाळ श्रावणात त्यांची अपेक्षा धरू नकोस. पण 'हावरा' हा शिक्का चुकीचा आहे, एवढं त्यातून पटतं. बुटकेपणाने भाताला खत लागायला लावलं नाही. खत पेलून उभं राहायला शिकवलं. उंच वाणाला जादा नत्र दिलं की त्याची कांडी लांबते, लोंबीचं वजन आणि भाद्रपदातली सर एकदम आली की ते आडवं होतं. आपल्याकडे 1968 साली जया आला, त्याच्यामागेही तोच बुटकेपणा होता.

तरी गावाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहेच. गेली पन्नास-साठ वर्षं नवीन वाणांची निवड भरपूर खत घातलेल्या वाफ्यांत होत आली. तिथे जो जास्त पिकला तो पुढे गेला. कमी खतात चांगला निघाला असता तो मागे राहिला, कारण त्याला कोणी कमी खतात पाहिलंच नाही. चिनी शास्त्रज्ञांनी 2018 साली दाखवलं की भाताला बुटकं करणारी यंत्रणा त्याचं नत्र ओढणंही जरा मंद करते, आणि ते मंदपण सुधारणारं दुसरं जनुक भातातच सापडतं. 2021 साली त्यांच्यातल्याच आणखी एका गटाने टीसीपी-19 नावाच्या जनुकाबद्दल लिहिलं. कमी नत्रातही फुटवे धरायला लावणारं त्याचं एक रूप नत्राने गरीब जमिनींतल्या जुन्या वाणांत आणि रानभातात पुष्कळ आढळतं. जिथे खताचा मारा जास्त तिथल्या आधुनिक वाणांतून ते हरवत गेलं. म्हणून वहिनीने मडक्यात जपलेलं जुनं बियाणं फेकू नकोस. ते पेरायला लागतं असं नाही, पण त्याच्या अंगी काय आहे ते अजून पुरतं कोणी तपासलेलं नाही.

आता कामाचं बोलतो. वाण ओळखायचं म्हणजे त्याचे दिवस ओळखायचे. हळवं, निमगरवं, गरवं हे आपण तोंडाने म्हणतो, पण खताच्या वेळी विसरतो. हे असं मोज. लोंबी निसवल्यापासून कापणीपर्यंत साधारण तीस दिवस. खोडाच्या आत लोंबीचा बारीक कोंब धरतो तेव्हापासून निसवेपर्यंत तीस ते पस्तीस. म्हणजे कापणीच्या दिवसापासून मागे साठ-पासष्ट दिवस गेलीस की लोंबी धरण्याचा दिवस सापडतो. हे शेवटचे दिवस हळव्यात आणि गरव्यात जवळपास सारखेच. फरक पडतो तो सगळा त्याआधीच्या काळात.

एकशे पंधरा दिवसांचं हळवं धर. त्यातून पासष्ट काढले तर पेरणीपासून पन्नासाव्या दिवशी त्याची लोंबी धरते. एकवीस दिवसांचं आवण लावलंस तर त्याला शेतात मुळं धरून, फुटवे काढून, नत्र साठवायला एकोणतीस दिवस मिळतात. तेच आवण पाऊस लांबला म्हणून, मजूर मिळाले नाहीत म्हणून, पस्तीस दिवसांचं झालं तर हातात उरतात पंधरा. त्या पंधरांतला एक आठवडा रोप सावरण्यातच जातो. मग तू कितीही युरिया टाक, हळवं भात तो खाणार कधी? उशिरा टाकलेलं नत्र पानांत जातं, फुटवे उशिरा येतात, त्यांना लोंबी येते ती पोकळ. हळव्याचं आवण म्हातारं झालं तर गोणी कमी कर, वाढवू नकोस. आणि चुडात एखादं रोप जास्त घाल, कारण फुटव्यांची भरपाई आता रोपांच्या संख्येनेच होणार.

याउलट एकशे पंचेचाळीस दिवसांचं गरवं. त्याची लोंबी ऐंशीव्या दिवशी धरते. आवणाचे पंचवीस दिवस वजा केले तरी शेतात पंचावन्न उरतात. एवढ्या काळात माती स्वतःच्या सेंद्रिय अंशातून, शेणखतातून, कुजलेल्या धसकटातून सावकाश नत्र सोडत असते आणि गरवं भात ते टिपत असतं. म्हणून बिनखताच्या शेतात गरवं हळव्यापेक्षा बरं दिसतं. यात त्याच्या हुशारीपेक्षा सवडीचा भाग मोठा. आंध्रातल्या मारुटेरूचं स्वर्णा, म्हणजे एमटीयू-7029, देशभर पसरलं त्याला हेही कारण होतं: दीडशे दिवसांच्या आसपासचं, आणि कमी नत्रातही भरवशाचं. आपल्या चढावरच्या कातळाच्या पातळ शेतात ते चालणार नाही हे सांगायला नको; पाऊस दसऱ्याच्या आधी सरला की दीडशे दिवसांचं भात तिथे तोंड वासून उभं राहतं. तिथे हळवंच.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ढोबळ शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश अशी आहे. गुंठ्याला एक किलो नत्र, म्हणजे युरिया दोन किलोंपेक्षा जरा जास्त. नत्राचे हप्ते तीन: लावणीला चाळीस टक्के, फुटव्याला चाळीस, शेवटी वीस. ही शिफारस कर्जत, रत्नागिरीच्या सुधारित वाणांना धरून आहे. ती खालची वरची तुला वाण बघून करायची आहे. हळव्याला पहिले दोन हप्ते लवकर उरक. दुसरा लावणीनंतर तीन आठवड्यांच्या आत पडायला हवा. तिसरा दिलास तर लोंबी धरतानाच दे, निसवल्यावर नाही. गरव्याला पहिला हप्ता हलका ठेव, मातीला आधी देऊ दे. संकरित भाताला नत्र जास्त लागतं हे खरं, पण ते खाऊन तसा दाणा देण्यासाठी त्याला सपाट खाचर आणि थांबलेलं पाणी हवं. उताराच्या शेतात संकरित बियाण्याला पैसे घालणं मला कधी पटलं नाही.

आंबेमोहोर, घनसाळ, जिरेसाळ अशी वासाची उंच वाणं लावशील तर शिफारशीच्या निम्म्याच्या वर जाऊ नकोस. लोळेल ते वेगळंच, आधी करपा येईल. जास्त नत्राने पान मऊ आणि रसरशीत होतं, त्यावर करप्याची बुरशी झपाट्याने बसते. दाट झालेल्या चुडांच्या बुडाशी तुडतुडेही तिथेच वस्ती करतात. इंद्रायणी हे आंबेमोहोर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळला निघालं, 1987 साली. आईचा वास आणि बापाचं बुटकेपण त्याच्यात बऱ्यापैकी उतरलं, त्यामुळे ते आंबेमोहोरापेक्षा जास्त खत पेलतं. तरी मुळशी-मावळात खताच्या जोरावर त्याला काळंभोर करणारे शेतकरी मी पाहिलेत. अशा शेतात औषधाची फवारणीही दुप्पट होते. शेवटच्या टप्प्यात नत्र जास्त झालं तर दाण्यात प्रथिनं वाढतात आणि शिजलेला भात जरा निबर होतो. जपानी लोक तर चवीसाठी कमी प्रथिनांचा तांदूळ मुद्दाम निवडून घेतात. विकायच्या भाताचं काय करायचं ते तू ठरव, घरात खायच्या शेताला तिसरा हप्ता मी देत नव्हतो.

खाचरात युरियाचं नक्की काय होतं, हे समजलं की पुढचं बरंच आपोआप सुचतं. भाताच्या पाण्याखालच्या चिखलात वरचा अगदी पातळ थर, काही मिलिमीटरांचा, हवा खाणारा असतो. त्याखालचा सगळा चिखल बिनहवेचा. युरिया पाण्यात विरघळला की एक-दोन दिवसांतच त्याचा अमोनिया व्हायला लागतो. दुपारी पाण्यातलं शेवाळ उन्हात काम करतं, पाणी आम्लपणा सोडून अल्कधर्मी होतं आणि तो अमोनिया वायू होऊन उडतो. भर दुपारी साचलेल्या पाण्यात युरिया फेकणं म्हणजे तो वाऱ्यावर सोडणं. जो उडत नाही तो वरच्या पातळ थरात नायट्रेट होतो, पाण्याबरोबर खाली बिनहवेच्या चिखलात उतरतो, आणि तिथले जिवाणू त्याचा नत्रवायू करून टाकतात. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून भारी. शेत वाळलं, पुन्हा भरलं, पुन्हा वाळलं की हा खेळ आणखी वाढतो. म्हणून ज्या शेतात पाणी टिकत नाही तिथे नत्र थोडं थोडं, जास्त हप्त्यांत द्यायचं. 2015 पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचं लेपन करून येतो. त्याने नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, पण बांध फोडून वाहणाऱ्या पाण्याला निंब अडवत नाही.

आणि आपल्याकडे मुख्य चोर पाणीच. आषाढात शेताला शेत लागून पाणी उतरतं, वरच्याचं खत खालच्याला. खत टाकण्याआधी पाणी चिखलावर दिसेल न दिसेल इतकं उतरव, पावसाची उघडीप बघ, पानं कोरडी असू देत, आणि टाकल्यावर बांधाची तोंडं बंद कर. दोन दिवस तरी. आपलं खालचं शेत ज्यांच्या शेताला लागून आहे, ते काका दरवर्षी हसत सांगतात की त्यांना युरिया कमी लागतो. त्यांच्या हसण्यावर उपाय बांधाच्या तोंडावरच आहे.

यावर कोकणात निघालेला सगळ्यात पक्का उपाय म्हणजे गोळी. डॉ. नारायण सावंत यांनी इथे चारसूत्री भात लागवड रुजवली. त्यातलं एक सूत्र युरिया आणि डीएपीच्या दाबून केलेल्या गोळ्यांचं. बाकीची तीन म्हणजे पेंढ्या-तुसाचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला आणि दोरीवरची नियंत्रित लावणी. दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या खुणा आळीपाळीने करायच्या. त्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी हाताने खोचायची आणि चिखल बोटाने मिटवायचा. गोळी 2.7 ग्रॅमची. गुंठ्यात चौकोन सव्वासहाशे, म्हणजे गोळ्या पावणेदोन किलोंच्या आत. साठ टक्के युरिया आणि चाळीस टक्के डीएपी धरलं तर त्यातून गुंठ्याला नत्र साधारण सहाशे ग्रॅम पडतं. वरून फेकताना किलो लागत होतं ते सहाशेवर आलं, कारण गोळी बिनहवेच्या चिखलात जाऊन बसली: वर उडायला वाट नाही, नायट्रेट व्हायला हवा नाही, वाहायला पाणी नाही. अमोनियमच्या रूपात ती मुळांपाशी राहते, आणि भाताला तेच रूप आवडतं. बांगलादेशात हीच युक्ती 'गुटी युरिया' नावाने गावोगाव गेली.

गोळीची अडचण कमरेला आहे. सव्वासहाशे वेळा वाकायचं, तेही एका गुंठ्यासाठी. लावणीच्या बायकांना गोळ्यांची मजुरी वेगळी ठरव आणि आधीच सांग, नाहीतर शेवटच्या दोन वाफ्यांत गोळ्या एकाच जागी ओतलेल्या सापडतात. लावणीआधी गोळ्या ओलसर हवेत उघड्या ठेवू नकोस, त्यांचा लगदा होतो. खाली रेताड, पाणी पिणारी जमीन असेल तिथे गोळीही झिरपून जाते. तिथे शेणखत आणि लहान हप्ते बरे. आणि गोळी घातलेल्या शेतात वरून पुन्हा युरिया मारायचा मोह आवर.

गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला पंचवीस-तीस किलो, चिखलणीच्या आठवडाभर आधी टाकून गाडला तरी पहिला हप्ता हलका करता येतो. आपल्या बांधावरची झाडं मेमध्ये छाटून घेत जा, तेव्हा पाला कोवळा येतो. राबाची गोष्ट मी फार बोलत नाही, तुझ्या आजोबांना तो प्रिय होता. पण शेण आणि पाला जाळल्यावर राखेत पालाश उरतं, नत्र धुरातून निघून जातं. तण मरतं म्हणून राब करत असशील तर कर, नत्रासाठी करू नकोस.

वाण बघून रंग बघायचा, याच्यावर जरा थांबतो. पानांच्या रंगाचा तक्ता मिळतो, हिरव्याच्या चढत्या पट्ट्यांचा. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरू करून दर आठवड्याला सकाळी, तुझ्याच सावलीत, वरचं पूर्ण उघडलेलं पान त्यावर ठेवायचं. दहा चुडांतली सहा पानं ठरलेल्या पट्टीपेक्षा फिकी निघाली तरच नत्र द्यायचं, हेक्टरी तीस किलोच्या मानाने. म्हणजे गुंठ्याला साडेसहाशे ग्रॅम युरिया. यातली खरी गोम 'ठरलेल्या पट्टी'त आहे. सुधारित आणि संकरित वाणांना चौथी पट्टी, पण कमी नत्रावर जगणाऱ्या आणि वासाच्या वाणांना तिसरी. काही वाणं जन्माने पोपटी असतात. शेजाऱ्याचं शेत गडद दिसलं म्हणून आपल्यात युरिया मारणारी माणसं त्याचं वाण कोणतं हे विचारतच नाहीत. आणि पान पिवळं दिसलं म्हणजे नत्रच कमी असंही नाही. खालची जुनी पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्र. कोवळी पानं पिवळी असतील, किंवा पानावर गंजासारखे ठिपके असतील, तर गंधक, जस्त, नाहीतर शेतात लोह उतरलेलं असेल. आपल्या तांबड्या मातीच्या तळशेतात तसं होतं. तिथे युरिया टाकून रोग झाकला जातो, बरा होत नाही. निसवलेल्या शेतात तक्ता घेऊन जाऊच नकोस.

आता जे सांगतो ते बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाचं, आणि तेच कोणी करत नाही. तुझ्या प्रत्येक वाणासाठी तीन तुकडे आखून ठेव, अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे पुरे. एकाला नत्र अजिबात नाही, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला पूर्ण. स्फुरद आणि पालाश तिघांनाही सारखं. बिनखताचा तुकडा पाणी येतं त्या बाजूला, सगळ्यात वर ठेव; खाली ठेवलास तर वरच्यांचं धुतलेलं नत्र खाऊन तो तुला खोटं सांगेल. मध्ये हातभर उंच बांध हवा. कापणी वेगळी, झोडणी वेगळी, आणि भात सारखं वाळवून मगच वजन.

समज, एका वाणाने गुंठ्याच्या मानाने बिनखतात 30 किलो दिले, अर्ध्या किलो नत्रावर 40 आणि पूर्ण किलोवर 44. दुसऱ्याने बिनखतात 22, अर्ध्यावर 35, पूर्ण किलोवर 46. पूर्ण खताचाच तुकडा बघितला तर दुसरं वाण भारी, आणि गावात त्याचाच गवगवा होईल. पण वजाबाकी कर. पहिल्या वाणाला पहिल्या अर्ध्या किलोने दहा किलो भात दिला, पुढच्या अर्ध्याने फक्त चार. त्याला निम्म्यावर थांबव, पुढचं अर्धा किलो नत्र बरंचसं वाया जातं. दुसऱ्याने पहिल्या अर्ध्यावर तेरा दिले आणि पुढच्या अर्ध्यावर अकरा. तो अजून खायला तयार आहे. नत्राच्या किलोमागे वीस-पंचवीस किलो भात वाढला तर काम चोख चाललंय असं समज. दहाच्या खाली आलं तर वाण, वेळ किंवा पाणी, यातलं एक काहीतरी चुकतंय. पहिलं वाण चढावरच्या शेताला दे, जिथे पाणी ठरत नाही आणि तुझं येणंजाणं कमी. दुसरं तळच्या सपाट खाचरात, गोळी घालून. एका पावसाळ्यावर निकाल लावू नकोस, निदान दोन बघ. एखाद्या वर्षी ऐन फुलोऱ्यात आठवडाभर सूर्य दिसत नाही, त्या वर्षी सगळीच वाणं नत्राला तोंड पाडून बसतात.

अर्ध्या गुंठ्याचं नुकसान होतं म्हणून वहिनी कुरकुर करेल. त्या बिनखताच्या तुकड्यातून वाणाप्रमाणे सात ते बारा किलो भात कमी येईल, एवढंच. त्या तुकड्यामुळे बाकीच्या शेतात किती गोण्या वाचतात ते तिला वजनकाट्यापाशीच दाखव.

भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकशील, आपल्याकडे टाकतातच. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात, त्यातलं बरंच शेंगांतून घरी येतं, पण पाला आणि मुळं शेतातच राहू दिलीस तर पुढच्या भाताला थोडं मिळतं. वेल उपटून बांधावर फेकू नकोस, तिथेच पसरू दे. कोणत्या शेतात वाल होता ते वहीत लिहून ठेव, आणि पुढच्या मृगात त्या शेताचा लावणीचा हप्ता थोडा कमी धर. वही तीच ठेव, तुकड्यांची वजनं ज्यात लिहिलीस ती. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबलही फाडून तिच्यात चिकटव. वाणाचे दिवस त्यावर असतात आणि पेरणीनंतर ती पिशवी कधी कोणाला सापडत नाही.